हबश ते सोलापूर : एका व्यापारवाटेची कहाणी

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासाठी निजामशाही व आदिलशाही वारंवार झुंजल्या. सोलापूर-सांगोल्याच्या या मुलखाशी संबंध आलेला गाजलेला सेनानी मलिक अंबर मात्र जन्माने दख्खनचा नव्हे, तर हबश देशाचा, म्हणजेच आजच्या इथिओपियाचा होता.

मध्ययुगात तेथील उंच पठारावर १२७० पासून सोलोमनवंशीय ख्रिस्ती राजांची सत्ता होती, तर पूर्वेच्या सखल भागात पुढे आदल ही मुस्लिम सल्तनत उदयास आली. मसावा व झैला बंदरांतून सोने, हस्तिदंत आणि गुलाम बाहेर जात; मोबदल्यात हिंदुस्थानी सुती कापड येई. युद्धांत व धाडींत पकडलेली माणसेही या व्यापारात विकली जात.

अंबरची विक्री तांबड्या समुद्रावरील मोखा येथे ८० गिल्डरना झाल्याचे डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रोएके नोंदवतो. पुढे बगदादमार्गे तो अहमदनगरचा पेशवा चंगेजखान याच्याकडे आला. चंगेजखानही मूळचा हबशी गुलामच.

स्थानिक गोतावळा नसलेला सैनिक धन्याशी एकनिष्ठ राहील, या हिशेबाने दख्खनी सुलतान हबशी विकत घेत. धनी वारल्यावर त्यांतील अनेकांना स्वातंत्र्य मिळे व ते सरदार होत. अंबरने १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर जिंकल्यावर परांड्यातून निजामशाही सावरली आणि १६२४ मध्ये भातवडीला मोगल-आदिलशाही संयुक्त फौजेचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने होते. त्यानंतर सोलापूरही त्याने घेतले.

१६२६ मध्ये तो वारला. बाजारात ८० गिल्डरना विकला गेलेला हा माणूस सुमारे पाव शतक मोगल साम्राज्याला दख्खनमध्ये अडवून राहिला होता.