अब्जांश तंत्रज्ञान आणि माणसाची खासगी

महाविद्यालयात शिकत असताना मी वसतिगृहात राहत होतो. तेथे मुलांचे टपाल आधी रेक्टरसाहेबांच्या खोलीत जाई. शंका आली तर पत्र उघडून वाचण्याचा त्यांना अधिकार होता. पत्रे दीड-दोनशे आणि वाचणारा माणूस एकटा, त्यामुळे बहुतेक पत्रे न उघडताच आमच्या हाती पडत. एकदा मात्र वडिलांनी मला पाठविलेले आंतरदेशीय पत्र, अक्षराची शंका येऊन, त्यांनी उघडले. थोरल्या बहिणीचे ठरलेले लग्न मोडल्याची बातमी त्यात होती. पत्र माझ्या हाती येण्यापूर्वीच, रात्री मेसमध्ये साऱ्या मुलांदेखत, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून विचारले, "अरे, ताईचं मोडलं म्हणे? काळजी करू नकोस, होईल सगळं नीट." माणूस मनाने चांगला होता. त्यांना मला धीरच द्यायचा होता. पण ताटातला घास काही माझ्या घशाखाली उतरेना.

ही जुनी गोष्ट यंदा वर्गात आठवली. भौतिकशास्त्राच्या तासाला अब्जांश तंत्रज्ञान, म्हणजे नॅनोटेक्नॉलॉजी, शिकवून झाल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, उद्या धुळीच्या कणाएवढे कॅमेरे निघाले तर?" त्याच्या शेजारचा लगेच म्हणाला, "निघेनात का! आपल्याकडं लपवण्यासारखं आहे काय?" तेवढ्यात घंटा झाली आणि दोन्ही प्रश्न उधार राहिले. ती उधारी या लेखात फेडावी म्हणतो.

प्रथम 'नॅनो' म्हणजे किती लहान ते पाहू. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरते. आपल्या पेशींतील डीएनएच्या पिळाची रुंदी सुमारे दोन नॅनोमीटर असते. या जगाकडे विज्ञानाचे लक्ष वेधले ते अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी. २९ डिसेंबर १९५९ रोजी कॅलिफोर्नियातील एका व्याख्यानात त्यांनी विचारले की, ब्रिटानिका ज्ञानकोशाचे चोवीसच्या चोवीस खंड टाचणीच्या डोक्यावर का लिहिता येऊ नयेत? निसर्गाच्या कोणत्याही नियमाची त्याला आडकाठी नाही, हे त्यांनी हिशेबाने दाखविले. पुढे १९७४ मध्ये जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द वापरला. १९८१ मध्ये बिनिग व रोहरर यांनी झुरिक येथे तयार केलेल्या सूक्ष्मदर्शकाने एकेका अणूचे दर्शन घडविले आणि १९८९ मध्ये झेनॉन वायूचे ३५ अणू एकेक करून हलवून आयबीएम या कंपनीच्या नावाची अक्षरे जुळविण्यात आली. दरम्यान १९८६ मध्ये एरिक ड्रेक्सलर यांनी आपल्या पुस्तकात अणू जुळवून स्वतःसारखीच यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांची कल्पना मांडली. हवेत तरंगणाऱ्या अदृश्य हेरांच्या गोष्टी लोकप्रिय झाल्या त्या तेव्हापासून.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. असा अदृश्य हेर शक्य आहे काय? त्याच्यापुढे तीन मोठ्या अडचणी आहेत. पहिली प्रकाशाची. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. त्याहून लहान डोळ्याला स्वच्छ चित्र उमटविता येत नाही. दुसरी शक्तीची. कण जितका लहान, तितकी त्याची शिदोरीही लहान. तिसरी निरोपाची. दूरवर रेडिओसंदेश धाडायचा तर त्याच्या तरंगलांबीशी प्रमाण राखणारी अँटेना लागते, आणि फोनच्या संदेशांची तरंगलांबी सेंटिमीटरांत मोजतात. २०१८ मध्ये मिशिगन विद्यापीठाने ०.३ मिलिमीटर बाजूचा संगणक करून दाखविला. पण त्याला शक्तीसाठी प्रकाश आणि बोलण्यासाठी जवळच एक केंद्र लागते. २०१९ मध्ये सर्वांत लहान म्हणून नोंदला गेलेला विक्रीचा कॅमेरा-संवेदक ०.५७५ मिलिमीटर बाजूचा आहे. म्हणजे पावणेसहा लाख नॅनोमीटर! तोही बनविला आहे तो शरीराच्या आत डोकावणाऱ्या डॉक्टरांच्या दुर्बिणीसाठी. तेव्हा अदृश्य कॅमेऱ्याची भीती तूर्त बाजूला ठेवण्यास हरकत नाही.

मग चिंतेचे कारण उरत नाही का? उरते, पण ते वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तोच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

पाळत ही काही नवी गोष्ट नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक आणि तापस अशा वेषांतील हेरांची यादी दिली आहे, आणि त्यांचे वेतनही प्रत्येकी एक हजार पण असे सांगितले आहे. यातील वेतनाचा भाग महत्त्वाचा. एका माणसावर नजर ठेवायची तर दुसऱ्या माणसाला पोसावे लागे. पूर्व जर्मनीचे उदाहरण घ्या. १९८९ मध्ये सुमारे १ कोटी ६० लाख लोकसंख्येच्या त्या देशात 'श्टाझी' या गुप्त पोलीस खात्याचे सुमारे ९० हजार पगारी नोकर आणि त्याखेरीज पावणेदोन लाखांच्या घरात खबरे होते. त्यांनी जमविलेल्या कागदांची रांग शंभर किलोमीटरांहून लांब भरते. एवढी उलाढाल करूनही कागदांच्या त्या डोंगरातून हवे ते वेळेवर शोधणे अवघडच होते.

याचा अर्थ असा की, सामान्य माणसाच्या खासगी आयुष्याचा खरा राखणदार कायदा नव्हता. पाळतीला लागणारा खर्च आणि कंटाळा हा तो राखणदार होता. आमची बहुतेक पत्रे बंद राहिली ती रेक्टरसाहेबांच्या संयमामुळे नव्हे. दीडशे पत्रे वाचायला त्यांना सवड नव्हती, म्हणून.

अब्जांश तंत्रज्ञानाने हा राखणदारच काढून घेतला आहे. १९७१ साली इंटेलच्या ४००४ या चकतीवर सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. २०२० साली अॅपलच्या एम-१ या चकतीवर १६०० कोटी आहेत. (तिला 'पाच नॅनोमीटर'ची म्हणतात. ते त्या निर्मितीपद्धतीचे व्यापारी नाव आहे; प्रत्यक्ष भाग त्याहून मोठे असतात.) ट्रान्झिस्टर लहान झाला तसा तो स्वस्त झाला. पाहणे, लक्षात ठेवणे आणि हवे ते शोधून काढणे, ही तिन्ही कामे एकदम स्वस्त झाली. आज दीडशे पत्रे वाचणारे यंत्र थकत नाही, आणि वाचलेले विसरतही नाही.

एक उदाहरण आपल्या रस्त्यावरचे देतो. १९४५ साली मॉस्कोतील अमेरिकन राजदूताला सोव्हिएत शाळकरी मुलांकडून लाकडात कोरलेले एक राजचिन्ह भेट मिळाले. ते त्यांच्या निवासस्थानी भिंतीवर टांगले गेले. १९५२ मध्ये आढळले की, त्याच्या पोटात लिओन थेरेमिन या शास्त्रज्ञाने घडविलेले श्रवणयंत्र होते. त्यात बॅटरी नव्हती, तार नव्हती. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की, खोलीतील बोलण्याने थरथरणारा पातळ पडदा त्या लहरींत बदल करी, आणि परतणाऱ्या लहरींतून बोलणे ऐकू येई. बाहेरून येणाऱ्या लहरींवरच जगायचे, हेच तत्त्व आपल्या मोटारीच्या काचेवरील फास्टॅगमध्ये आहे. त्यातही बॅटरी नसते. टोलनाक्यावरील यंत्राच्या लहरी पोचल्या की त्यातील इवलीशी चकती जागी होते आणि आपला क्रमांक सांगून पुन्हा झोपी जाते. पूर्वी बेळगावहून कोल्हापूरला जाताना कोगनोळीच्या नाक्यावर पावती फाडणारा माणूस पाच मिनिटांत आपल्याला विसरून जाई. आता गाडीचा क्रमांक, तारीख आणि वेळ यांची नोंद होते. फास्टॅग वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्याने रांगा कमी झाल्या. सोयीसाठी बसविलेले यंत्र आपली साक्षही लिहून ठेवते, एवढेच ध्यानात असावे.

दुसरे उदाहरण आपल्या खिशातील आहे. फोन आडवा केला की चित्र आडवे होते, कारण आत गती आणि कल मोजणारी सूक्ष्म यंत्रे असतात. त्यांतील एकाला जायरोस्कोप म्हणतात. त्याचे थरथरणारे भाग मायक्रोमीटरच्या घरातले, इतके हलके की जवळच्या आवाजानेही किंचित हलतात. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील आणि इस्राएलमधील संशोधकांनी या कंपनांवरून उच्चारलेले शब्द काही अंशी ओळखता येतात असे दाखविले. मायक्रोफोनसाठी फोन मालकाची परवानगी मागतो. या यंत्रासाठी त्या वेळी अँड्रॉइड फोन ती मागत नव्हते. याला कान असतील असे कोणाच्या मनातच आले नव्हते.

तिसरे उदाहरण प्रत्यक्ष शरीराचे आहे. सुमारे एक नॅनोमीटर रुंदीच्या छिद्रातून डीएनएचा धागा ओढायचा आणि विद्युत्प्रवाहातील चढउतारांवरून त्याची अक्षरे वाचायची, अशी मुठीत मावणारी यंत्रे २०१४ पासून संशोधकांच्या हाती आहेत. रोगाची साथ ओळखण्यास ती फार उपयोगी पडली. पण २०२३ मध्ये फ्लोरिडातील संशोधकांनी एक निराळीच गोष्ट प्रसिद्ध केली. ते समुद्री कासवांचा अभ्यास करीत होते. वाळूत, पाण्यात आणि खोलीच्या हवेतही त्यांना माणसाचे डीएनए सापडले, आणि तेही काही आनुवंशिक दोष व वंश ओळखण्याइतके चांगले. म्हणजे आपण जेथून चालत जातो तेथे आपली जन्मपत्रिका सांडत जातो. आजवर ती वाचणारा कोणी नव्हता, इतकेच.

जुना राखणदार गेल्यावर त्याच्या जागी कायद्याला उभे राहावे लागते. आपल्या देशात ही वाट लांबची ठरली. उत्तर प्रदेशातील खरकसिंग यांना १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात पकडले होते. पुरावा नाही म्हणून सोडून दिले. तरी पोलिसांनी त्यांच्या नावे पाळतीचे दप्तर उघडले. चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री येऊन दार ठोठावीत, हाका मारून झोपेतून उठवीत. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९६२ मध्ये न्यायालयाने या रात्रीच्या भेटी रद्द ठरविल्या. पण खासगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नाही, म्हणून हालचालींवर नजर ठेवण्यास हरकत नाही, असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदविले. ज्याच्यावर सतत डोळा आहे त्याचे हिंडणे-फिरणे मोकळे म्हणता येणार नाही, असा त्याचा आशय होता. ते मत मान्य होण्यास पंचावन्न वर्षे जावी लागली. आपल्याच कर्नाटकच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या अर्जावर नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निकाल दिला की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यात हात घालायचा तर त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला. मात्र अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना त्यातून वगळण्याची मुभा केंद्र सरकारला त्यातच आहे. म्हणून नवा राखणदार आला असला, तरी तो जागा आहे की नाही हे आपणच अधूनमधून पाहिले पाहिजे.

राहिला दुसरा प्रश्न : लपवण्यासारखे काही नसेल तर भ्यायचे कशाला? मला माझा मेसमधला तो घास आठवतो. त्या पत्रात लाज वाटण्याजोगे काहीच नव्हते. माझ्या बहिणीने कोणताही गुन्हा केला नव्हता. पण ती बातमी कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायची हे ठरविणे तिच्या हाती होते, आणि तेच तिच्या हातून गेले. सुट्टीत घरी गेलो तेव्हा ताईने मला विचारले, "माझं तिकडं कुणाला सांगितलं नाहीस ना?" मी 'नाही' म्हणालो. माझ्यापुरते ते खरेही होते. पत्र माझ्या नावाचे असले तरी त्यातील दुःख तिचे होते. तुमच्या फोनमध्येही तसेच आहे. त्यात मित्रांचे क्रमांक आहेत, आईचे निरोप आहेत, कोणाच्या आजारपणाचे कागद आहेत. "माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही" असे म्हणून आपण ते सारे दुसऱ्यांच्या वतीने उघडे करीत असतो.

'खासगी' हा शब्द मराठीत फारसीतून आला. होळकरांच्या राज्यात राजघराण्यातील स्त्रियांच्या स्वतंत्र उत्पन्नाला खासगी म्हणत. या अंकाच्या कानडी विभागातील माझे सहकारीही हाच शब्द वापरतात. एके काळी राजवाड्यापुरती असलेली खासगी आता घटनेने प्रत्येक नागरिकाला दिली आहे, वसतिगृहातल्या मुलालाही. तेव्हा, विद्यार्थी मित्रहो, उद्या आपल्या महाविद्यालयात बोटाच्या ठशावर हजेरी घेणारे यंत्र बसले, तर त्यावर बोट ठेवण्यापूर्वी इतके जरूर विचारा : हे ठसे कशासाठी घेता? किती दिवस ठेवणार? ते कोण पाहणार? विचारणे हा उद्धटपणा नव्हे. त्या रात्री मेसमध्ये मला ते सुचले नाही.