समुपदेशन लागू पडतंय का, हे कसं ओळखायचं?

वस्तीतल्या एखाद्या बाईला रात्र-रात्र झोप लागत नाही. दोन घास गोड लागत नाहीत, रोवण्याला जायचं म्हटलं तर अंगात त्राण राहत नाही. आशाताई तिला समुपदेशकाकडे नेतात. ती दोनदा जाते, मग जाणं बंद. घरचे म्हणतात, "नुसतं बोलून काय होते?" चंद्रपूर-गडचिरोलीच्या वस्त्यांमध्ये आम्ही हे वारंवार ऐकतो.

खरंच आहे, नुसतं बोलून होत नाही. गोळी गिळली की ती पोटात आपलं काम करते. समुपदेशनात मात्र रुग्णालाही काम करावं लागतं.

गोव्यात 'संगथ' या संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांचा अभ्यास केला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. रुग्णाबरोबर सहा ते आठ बैठका. दरवेळी दोघांनी मिळून एखादं छोटं काम ठरवायचं आणि रुग्णाने ते घरी करायचं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी शंभरात 64 जण नैराश्यातून बाहेर आले होते. ते न मिळालेल्यांत 39. रुग्ण पुन्हा हालचाल करू लागला, कामात-माणसांत मिसळू लागला, यातूनच बराचसा फरक पडला, असंही दिसलं.

म्हणून सहभाग मोजायचा. वहीत तीन गोष्टी लिहा:

1. ठरलेल्या दिवशी गेलो का?
2. मनातलं मोकळेपणाने बोललो का? आपलं ऐकून घेतलं गेलं का?
3. ठरवलेलं काम आठवड्यात किती दिवस केलं?

सोबत त्रासही मोजायचा. त्यासाठी मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न असतात, गुण 0 ते 27. गुण कमी होत गेले तर सुधारणा आहे. आपले गुण समुपदेशकाला विचारा, तो आपला हक्क आहे. काम करूनही गुण उतरत नसतील, तर उपचार बदलायला हवा, डॉक्टरांना दाखवा. सुरू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका.

एक सावधगिरी. बैठक चुकली म्हणजे रुग्णाला बरं व्हायचंच नाही, असा शिक्का मारू नका. नैराश्यात उठून निघणंच जड जातं. तेंदूच्या हंगामात मजुरी कोण बुडवणार? एसटीच्या भाड्याचे पैसे नसतात, लोक काय म्हणतील याची भीती असते. आधी कारण विचारा. दिवस बदलता येईल का, घरी किंवा फोनवर बोलता येईल का, हे विचारणं समुपदेशकाचंही काम आहे.

घरच्यांनी एवढं करावं: त्या दिवशी तिच्या वाटणीचं काम कोणीतरी उचलावं, सोबत जावं, काय बोलली याची उलटतपासणी करू नये.

जीव द्यायचे विचार येत असतील तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नका. माणसाला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. टेलि-मानसचा 14416 हा मोफत नंबर रात्रंदिवस सुरू असतो. तो घरात भिंतीवर लिहून ठेवा.