पंचवीसवरून पाचवर

सोलापूरकडच्या एका वाचकाने विचारलं आहे: मावशीला स्तनाच्या कर्करोगासाठी २५ दिवस शेक दिला होता, आता आईला १५च दिवस सांगितलाय. मशिनवर गर्दी वाढली म्हणून ही काटछाट आहे का? शंका रास्त आहे. पण तसं नाही.

मुळात शेक हप्त्याहप्त्याने का देतात? त्याचं बरंचसं श्रेय मारी क्यूरींच्या सावलीत झाकोळून गेलेल्या क्लोडियस रेगो यांचं. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये भौतिकशास्त्र क्यूरीबाईंकडे, तर जीवशास्त्र रेगोंकडे. १९२०च्या दशकात तिथे एडक्यांवर प्रयोग झाले. वृषणांवर एकदाच भरपूर किरण सोडून एडका निर्बीज करायला जावं, तर वरची कातडी करपे. मात्रा काही दिवसांत वाटून दिली की एडका निर्बीज होई आणि कातडीही निभावून जाई. भराभर पेशी तयार करणारं वृषण म्हणजे गाठ आणि कातडी म्हणजे निरोगी शरीर, असा त्यामागचा हिशेब. (हे साम्य पुढच्या शास्त्रज्ञांना फारसं पटलं नाही. निष्कर्षावर मात्र जगभरचे शेक-विभाग उभे राहिले!)

निरोगी पेशी दोन हप्त्यांच्या मधल्या वेळात डागडुजी करतात, बहुतेक गाठींना ते तितकंसं जमत नाही. स्तनाच्या गाठी इथे वेगळ्या निघाल्या. हप्त्याच्या आकाराचा परिणाम त्यांच्यावर साधारण निरोगी पेशींइतकाच होतो. मग बारीक तुकडे करून फायदा काय? ब्रिटनमध्ये जॉन यार्नल्ड आणि सहकाऱ्यांनी हेच धरून ठेवलं. २५ हप्त्यांतले ५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) १५ हप्त्यांत ४० वर आले. मग एप्रिल २०२०मध्ये, ऐन टाळेबंदीत, चार हजारांवर रुग्णांच्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीचे निकाल आले: पाच हप्ते, २६ ग्रे, एकच आठवडा. पाच वर्षांत त्याच स्तनात रोग परतण्याचं प्रमाण १५ हप्त्यांच्या गटात २.१ टक्के, पाचच्या गटात १.४. त्याच चाचणीत २७ ग्रेचाही गट होता आणि त्यात दुष्परिणाम जास्त दिसले. एका ग्रेचा फरक!

शेक-विभागांतही सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला आहे. स्कॅनवर अवयवांच्या कडा ती मिनिटांत आखते, डॉक्टरांचे तास वाचतात, हे खरंच. पण टेबलावरच्या बाईला त्याचं काय? ऑपरेशनने आखडलेला हात डोक्यावर धरून ती पडलेली असते. तंत्रज्ञ लेझरच्या रेघा कातडीवरच्या ठिपक्यांशी जुळवत तिला मिलिमीटरभर सरकवतात. यातच बराच वेळ जातो, किरण सुटतात ते फार तर दोन-चार मिनिटं. मग मुंबईत परळच्या रुग्णालयातून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परत, सोबतच्या नातेवाइकाची मजुरी बुडालेली. तिचे हाल कमी करायचे तर खेपा कमी करण्यासारखा उपाय मला तरी दिसत नाही. शिवाय पंधराऐवजी पाच खेपा म्हणजे दर बाईमागे मशिनवर दहा जागा मोकळ्या.

मात्र ब्रिटनमधल्या त्या चाचणीत बहुतेकींचा स्तन वाचवलेला होता. आपल्याकडे अनेकजणी उशिरा येतात, स्तन काढावा लागतो, काखेतल्या गाठींनाही शेक लागतो. म्हणून कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने पाच विरुद्ध पंधरा ही तुलना इथल्याच स्त्रियांवर करायला घेतली. आणि तोंडाच्या कर्करोगाला हे गणित लावू नका. तिथे अजून सहा-सात आठवडे काढावेच लागतात.