कल्याणच्या दानाने कोरलेले चैत्यगृह

पुणे जिल्ह्यातील जुन्नरला रेल्वे नाही. पुण्याहून एसटीने नारायणगावमार्गे सकाळी निघाल्यास जुन्नर आणि तेथून सुमारे 5 किलोमीटरवरील लेण्याद्रीची लेणीही त्याच दिवशी पाहून होतात. सातवाहनकालीन जुन्नरचे वैभव नाणेघाटावर, म्हणजे कोकणातील कल्याण-सोपाऱ्याकडील माल देशावर चढवणाऱ्या सह्याद्रीतील खिंडीवर उभे होते.

कोकणाशी असलेल्या या संबंधाचा पुरावा लेण्याद्रीतच सापडतो. तेथील सहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूपाची पूजा करण्याच्या लेण्यात, ब्राह्मी लिपीतील शिलालेख असून कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिल्याचे तो सांगतो. स्तंभांना तळाशी घटाचा आकार असून शिरोभागी हत्ती-वाघांसारखे प्राणी कोरलेले आहेत. हा खर्च कल्याण बंदरातील दात्याने घाटमाथ्यावरील बौद्ध भिक्खूंसाठी केला, ही गोष्ट विलक्षण वाटते. जुन्नरच्या इतर लेण्यांत यवन, म्हणजे ग्रीक वा पश्चिमेकडील परकीय, दात्यांचीही नावे आढळतात.

शेजारचे सातवे लेणे मूळचे विहार, म्हणजे भिक्खूंचे निवासस्थान; त्याच्या स्तंभविरहित विशाल दालनाभोवती खोल्या असून आज तेथे अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपती विराजमान आहे. पायथ्यापासून पायऱ्या चढणारे बहुतेक भाविक दर्शन घेऊन उतरतात. त्यांनी चैत्यगृहापाशी अवश्य थांबावे.