लग्न, ग्रीन कार्ड आणि विनापरवाना काम : सात गैरसमज

एफ-१ व्हिसावर शिकायला गेलेला मुलगा फी जमवण्यासाठी इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवर रोख पगारावर उभा राहतो. कुणी घरून डबे करून देतं, कुणी पैसे घेऊन शेजारची मुलं सांभाळतं. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत हे सर्रास चालतं, आणि कामाचा परवाना नसेल तर अमेरिकेच्या कायद्यात हे सगळं विनापरवाना काम ठरतं. पुढे अमेरिकन नागरिकाशी लग्न होतं, ग्रीन कार्डचा अर्ज समोर येतो, आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. एक म्हणतो, ‘आता सगळं संपलं.’ दुसरा म्हणतो, ‘कुणाला कळतंय? लिहूच नकोस.’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दुसरा तर घातकही. म्हणून अमेरिकेतच राहून लग्नाच्या आधारे ग्रीन कार्डचा अर्ज करणाऱ्यांसाठी ही माहिती.

गैरसमज १ : परवानगीशिवाय एक दिवस जरी काम केलं असेल, तरी ग्रीन कार्ड कायमचं गेलं.

वस्तुस्थिती : इमिग्रेशन कायद्याच्या कलम २४५ नुसार विनापरवाना काम केलेल्यांना देशात राहून ग्रीन कार्ड घेण्याची मनाई आहे, हे खरं. पण त्याच कलमात अमेरिकन नागरिकाच्या जवळच्या नातेवाइकांना ही मनाई लागू नाही. नागरिकाचा नवरा किंवा बायको, २१ वर्षांखालचं अविवाहित मूल, आणि नागरिक २१ वर्षांचा झाला असेल तर त्याचे आईवडील यांत येतात. काम तीन महिने केलं की तीन वर्षं, याची मर्यादा नाही. व्हिसाची मुदत उलटून गेली असेल तरी हीच सवलत मिळते.

अट एकच, पण मोठी : देशात शिरताना अधिकाऱ्यासमोर रीतसर तपासणी होऊन प्रवेश मिळालेला असावा. विमानतळावर व्हिसा दाखवून आलेला माणूस यात बसतो. चोरवाटेनं सीमा ओलांडून आलेला सहसा बसत नाही. आणि लग्न खरं असावं लागतं, हे वेगळं सांगायला नको. ग्रीन कार्डसाठी लग्नाचं नाटक केल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

गैरसमज २ : जोडीदार ग्रीन कार्डधारक असला तरी हीच सवलत मिळते.

वस्तुस्थिती : नाही. सवलत नागरिकाच्या जोडीदाराला आहे, ग्रीन कार्डधारकाच्या नाही. इथे ‘१८० दिवसांपर्यंतचं काम माफ असतं’ हे वाक्य हमखास कानावर येतं. ती सूट कलम २४५(के) मधली आहे आणि ती नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड घेणाऱ्यांसाठी आहे. आयटीतल्या मित्राला ती लागू पडली, म्हणून लग्नाच्या अर्जाला लागू होत नाही.

तरीही वाट बंद नसते. ग्रीन कार्डधारक जोडीदार नागरिक झाला, की तुम्ही जवळच्या नातेवाइकांत मोजले जाता आणि सवलत लागू होते. दुसरा मार्ग भारतात येऊन मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून इमिग्रंट व्हिसा घेण्याचा. निव्वळ विनापरवाना काम हे तिथे व्हिसा नाकारण्याचं कारण नाही. पण मुदतीपेक्षा जास्त राहिला असाल, तर विमानात बसण्यापूर्वी गैरसमज ६ वाचा.

गैरसमज ३ : पैसे रोख घेतले, कुठे नोंद नाही, विचारलं तर नाही म्हणायचं.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त नुकसान या सल्ल्यानं होतं. आय-४८५ या अर्जात कधीही परवानगीशिवाय काम केलं आहे का, असा थेट प्रश्न आहे. मागच्या पाच वर्षांच्या नोकऱ्यांची यादीही द्यावी लागते. अर्जावरची सही आणि मुलाखतीतली शपथ या दोन्ही कायद्यानं बांधलेल्या आहेत. ‘दोन वर्षं घरभाडं कशातून भरलंत?’ एवढ्या एका साध्या प्रश्नानं खोटं उघडं पडू शकतं.

नागरिकाच्या जोडीदारानं ‘हो’ लिहिलं, तर ते काम कलम २४५ च्या आड येत नाही. ‘नाही’ लिहिलं आणि ते खोटं ठरलं, तर महत्त्वाची माहिती दडवून लाभ घेण्याचा प्रयत्न केला, हा नवा आणि आयुष्यभर चिकटणारा ठपका बसतो. तो पुसायला आय-६०१ हा माफीचा अर्ज करावा लागतो, आणि तुम्हाला ग्रीन कार्ड नाकारल्यास नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदारावर अथवा आईवडिलांवर असाधारण संकट ओढवेल, हे सिद्ध करावं लागतं. जे माफच होतं ते लपवण्यासाठी एवढं ओढवून घेऊ नका.

गैरसमज ४ : नोकरीवर लागताना भरलेल्या कागदांचा याच्याशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : आहे, आणि इथेच काही अर्ज कायमचे बुडतात. अमेरिकेत नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाला आय-९ फॉर्म भरावा लागतो. त्याच्या पहिल्या भागात चार चौकटी असतात : अमेरिकेचा नागरिक, नागरिक नसलेला ‘नॅशनल’, कायम रहिवासी, आणि कामाची परवानगी असलेला परदेशी. मॅनेजर घाईत सांगतो, ‘पहिल्यावर टिक कर आणि सही दे.’ ती टिक म्हणजे नागरिकत्वाचा खोटा दावा. ३० सप्टेंबर १९९६ नंतर केलेल्या अशा दाव्याला ग्रीन कार्डच्या अर्जदारांसाठी माफीची तरतूदच नाही. अपवाद अगदी तुरळक. जोडीदार नागरिक असून उपयोग होत नाही.

बाकीच्या चौकटींवरची खोटी खूणही गंभीर असते, पण तिचा कायदेशीर परिणाम वेगळा. म्हणून औपचारिक नोकरी केली असेल, तर आपल्या सहीच्या आय-९ मध्ये कोणत्या चौकटीत खूण आहे, हे अर्ज करण्यापूर्वीच वकिलाबरोबर तपासा. हा फॉर्म मालकाच्या दप्तरी असतो.

गैरसमज ५ : टॅक्स भरला होता, म्हणजे काम कायदेशीर झालं.

वस्तुस्थिती : टॅक्स आणि कामाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी. कमाई कशीही झाली असली तरी टॅक्स लागतो, आणि तो भरलेला असणं तुमच्या बाजूनं जमा होतं. पण त्यानं विनापरवाना काम कायदेशीर होत नाही. शिवाय जोडीदाराच्या आय-८६४ या आर्थिक हमीपत्रात तुमची विनापरवाना कमाई धरता येत नाही.

गैरसमज ६ : अर्जाची पावती आली, आता कामाला आणि भारतात जायला मोकळे.

वस्तुस्थिती : पावती म्हणजे परवाना नव्हे. आय-७६५ अर्जावर मंजूर झालेलं वर्क परमिट हाती येईपर्यंत काम करू नका. अर्ज प्रलंबित आहे म्हणून देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊच शकत नाही, असंही नाही. ग्रीन कार्ड द्यायचं की नाही यात अधिकाऱ्याला विवेकाधिकार असतो, म्हणून वागणूक चोख हवी.

प्रवासाचं त्याहून जपा. ‘अ‍ॅडव्हान्स पॅरोल’ नावाची प्रवास-परवानगी न घेता देश सोडला, तर एच-१बी, एच-४ अशा मोजक्या व्हिसांचा अपवाद वगळता अर्ज सोडून दिला असं धरतात. त्यातच १८० दिवसांहून जास्त बेकायदा वास्तव्य झालं असेल, तर देश सोडताच तीन वर्षांची बंदी लागते. वर्ष किंवा त्याहून जास्त असेल, तर दहा वर्षांची. वडिलांच्या आजारपणाचा फोन आला की कायदा आठवत नाही, म्हणून ही परवानगी आधीच मागून ठेवा.

गैरसमज ७ : अर्ज जोडीदाराच्या हातात आहे, तो म्हणेल ते सोसावं लागतं.

वस्तुस्थिती : ‘तू चोरून काम केलंस, तुला परत पाठवीन’ ही धमकी अनेक घरांत दिली जाते. छळ होत असलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला १९९४ च्या व्हायलन्स अगेन्स्ट विमेन अ‍ॅक्टखाली आय-३६० हा अर्ज स्वतः करता येतो. जोडीदाराची सही लागत नाही, आणि त्याला अर्जाची माहिती सरकारकडून दिली जात नाही. असा अर्ज मंजूर झालेल्यांना विनापरवाना कामाची मनाईही लागू होत नाही. लग्नाला दोन वर्षं होण्याआधी मिळालेलं ग्रीन कार्ड दोन वर्षांचं आणि सशर्त असतं. ती अट काढण्याचा आय-७५१ अर्ज एरवी दोघांनी मिळून करायचा असतो, पण छळ किंवा घटस्फोट झाला असेल तर तो एकट्यानंही करता येतो.

अर्ज भरायला बसण्यापूर्वी कुठे, कधी, किती काळ आणि कोणत्या कागदावर सही करून काम केलं, याची खरी यादी लिहा. ती घेऊन परवानाधारक इमिग्रेशन वकिलाकडे जा. ट्रॅव्हल एजंटाकडे किंवा ‘आमचंही असंच झालं होतं’ म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे नको. वकिलापासून काही लपवू नका, आणि अर्जात खरं तेच लिहा.