गाडी मागे घेतानाचा पांढरा दिवा

वर्गमित्रांनो आणि शाळेत आलेल्या पालकांनो, जीप किंवा पिकअपच्या मागच्या बाजूला किती दिवे असतात ते कधी मोजलेत का? लाल दिवे गाडी कुठे आहे ते दाखवतात. ब्रेक दाबला की ते जास्त प्रखर होतात. पिवळे दिवे वळायची खूण करतात. पांढरा दिवा मात्र एरवी बंदच असतो. ड्रायव्हरने मागचा गिअर टाकला की तो लागतो. यालाच रिव्हर्स लाइट म्हणतात.

हा दिवा दोन कामे करतो. ड्रायव्हरला मागचा रस्ता दाखवतो आणि मागे उभ्या असलेल्याला "बाजूला हो, गाडी मागे येतेय" असे सांगतो. मागच्या बाजूला लाल दिवे असतात, म्हणून पांढरा दिवा चटकन ओळखू येतो.

आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात या दिव्याचे काम फार. गळीत हंगामात उसाचे ट्रक रात्री-अपरात्री फडात मागे घेतात. फडाच्या कडेला ऊसतोडणी कामगारांची लहान मुले असतात. कांदा भरायला पिकअप चाळीच्या तोंडापर्यंत मागे न्यावी लागते. गाडीच्या अगदी मागे बसलेले मूल ड्रायव्हरला आरशात दिसत नाही. म्हणून हा दिवा बंद पडला तर "चालतंय की" म्हणून सोडून देऊ नये.

वीज कशी जाते?

बॅटरीतून वीज निघते. ती चावीतून आणि फ्यूजमधून गिअरबॉक्सवरच्या एका लहान स्विचपर्यंत येते. मागचा गिअर पडला की हा स्विच दाबला जातो आणि वीज पुढे बल्बला मिळते. बल्बमधून ती गाडीच्या पत्र्यात उतरते आणि पत्र्यातून बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला परत जाते. पत्र्याच्या या वाटेला मेकॅनिक 'अर्थ' म्हणतात. ही वाट कुठेही तुटली तरी दिवा लागत नाही.

तपासणी कशी करावी?

हे काम मोठ्या माणसांनी करायचे, मुलांनी फक्त लांबून बघायचे. गाडी सपाट जागी उभी करावी. हँडब्रेक ओढून चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवावी आणि मागचा गिअर टाकावा. दुसऱ्याने बाजूला उभे राहून दिवा बघावा. माणूस एकटाच असेल तर संध्याकाळी भिंतीकडे पाठ करून गाडी लावावी. भिंतीवर पडलेला उजेड आरशात दिसतो.

बिघाड कसा ओळखावा?

१) दोन दिव्यांपैकी एकच लागत नाही : फ्यूज आणि स्विच ठीक आहेत, कारण दुसऱ्या दिव्याला वीज मिळते आहे. बल्ब काढून पाहावा. आतली तार तुटली असेल किंवा काच काळी पडली असेल तर बल्ब उडाला. बल्ब चांगला असेल तर होल्डरमध्ये गंज चढला आहे का, ते बघावे.

२) दिवा मिणमिणता लागतो : बहुधा अर्थ नीट नाही. चावी बंद करून होल्डर आणि पत्र्याचा जोड काचकागदाने घासून स्वच्छ करावा.

३) दोन्ही दिवे लागत नाहीत : आधी फ्यूज बघावा. तो चांगला असेल तर गिअरबॉक्सच्या स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडून पाहाव्यात. दिवे लागले तर स्विच खराब. तरीही लागले नाहीत तर वायर कुठेतरी तुटली आहे. उंदीर वायरी कुरतडतात, हे आपल्याला ठाऊकच आहे.

४) गिअर काढला तरी दिवा जळतोच : स्विच आत अडकून बसला आहे किंवा वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. मागच्याला वाटेल की गाडी मागेच येते आहे. म्हणून हा बिघाडही लगेच दुरुस्त करावा.

थोडे गणित

रिव्हर्स लाइटचा साधा बल्ब पुष्कळ गाड्यांत २१ वॅटचा असतो. लहान गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. २१ ला १२ ने भागले की १.७५ अँपिअर येतात. दोन बल्बचे मिळून ३.५ अँपिअर. फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी कधीही लावू नये. वायरी एकमेकींना चिकटल्या तर जास्त वीज वाहते. अशा वेळी फ्यूज जळून वायर वाचवतो. फ्यूजच नसेल तर वायर तापते आणि गाडी पेटू शकते. मोठ्या ट्रकला २४ व्होल्टची वीज असते. तिथे १२ व्होल्टचा बल्ब लावला तर तो लगेच उडेल.

नवीन गाड्या

१ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचा अडथळा सांगणारा सेन्सर बसवणे सक्तीचे झाले. तरी सगळ्या भिस्तीने सेन्सरवर राहू नये. फार बुटकी किंवा बारीक वस्तू त्याला कळतेच असे नाही. शिवाय रस्त्यावर जुन्या गाड्या पुष्कळ आहेत आणि कितीतरी ट्रॉल्यांना पांढरा दिवाच नसतो. तिथे किन्नराने बाजूला, ड्रायव्हरला दिसेल असे उभे राहून "येऊ द्या, येऊ द्या… बास!" म्हणावे.

लक्षात ठेवा

• पांढरा दिवा दिसला की पळत गाडीमागून जाऊ नये. बाजूला होऊन थांबावे.
• उभ्या गाडीच्या मागे गोट्या खेळू नयेत, सावलीला बसू नये.
• चेंडू गाडीखाली गेला तर आधी ड्रायव्हरकाकांना सांगावे.
• पालकांनी गाडी मागे घेण्याआधी खाली उतरून एक चक्कर मारावी. अर्धा मिनिट लागतो.

घरी गाडी असेल तर आज संध्याकाळीच वडिलांना विचारा, "आपल्या गाडीचा मागचा पांढरा दिवा लागतो का?"

— इयत्ता ७ वी, विज्ञान कोपरा