अटीचा निकाल: सरदार सरोवर, सर्वोच्च न्यायालय आणि नंदुरबारची ३३ गावे

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचा खटला निकाली काढला, तेव्हा नंदुरबार जिल्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. १ जुलै १९९८ रोजी तो धुळ्यातून वेगळा झाला. त्याच्या वाट्याला आलेली नर्मदाकाठची ३३ गावे मात्र कितीतरी आधीपासून बुडिताच्या यादीत होती: अक्कलकुव्यातली नऊ आणि अक्राणीतली चोवीस. या गावांच्या बाजूने पाहिले तर त्या निकालाचा सारा अर्थ एका अटीत सामावतो. पुढच्या काळात त्या अटीचे काय झाले, ते तपासायला हवे.

१९६९ मध्ये नेमलेल्या नर्मदा पाणीतंटा लवादाने डिसेंबर १९७९ मध्ये अंतिम निवाडा दिला. धरणाची उंची १३८.६८ मीटर ठरली. पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन गेलेल्या खातेदाराला किमान दोन हेक्टर जमीन, सज्ञान मुलगा म्हणजे वेगळे कुटुंब, आणि पुनर्वसन झाल्याशिवाय बुडित नाही, अशा अटी त्यात होत्या. त्या काळाच्या मानाने निवाडा उदारच, पण तो सातबाऱ्यावर नाव असलेल्यांसाठी. सातपुड्याच्या डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या अनेक भिल्ल-पावरा कुटुंबांची नावे तिथे नव्हती. वनखात्याच्या दप्तरी ते अतिक्रमणधारक होते.

द्यायला जमीन कुठली, हा महाराष्ट्रापुढचा पेच होता. १९९० च्या दशकात केंद्राने तळोद्याची सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन मोकळी केली आणि तिथे सोमावल, रोझवा यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या जमिनी आधीपासून कसणारे स्थानिक आदिवासी आणि वरून आलेले विस्थापित आदिवासी त्यामुळे समोरासमोर आले. १९९३ च्या पावसाळ्यात बुडितातल्या मणिबेलीत पाणी शिरले. त्याच वर्षी प्रकल्पासाठीच्या जागतिक बँकेच्या उरलेल्या कर्जाचा व्यवहार संपला.

नर्मदा बचाव आंदोलनाने १९९४ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. १९९५ मध्ये धरण ८० मीटरच्या आसपास थांबले आणि जवळपास चार वर्षे तिथेच राहिले. फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यायालयाने ८५ मीटरपर्यंतच्या कामाला परवानगी दिली. त्या पावसाळ्यात डोमखेडीचे सत्याग्रही छातीभर पाण्यात उभे होते.

अंतिम निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. सरन्यायाधीश आनंद आणि न्या. किरपाल यांच्या बहुमताने प्रकल्प उचलून धरला. विस्थापनाने आपोआप मूलभूत हक्कांचा भंग होत नाही. नव्या जागी लोकांची स्थिती पूर्वीपेक्षा बरी व्हावी, एवढे पाहायचे, असा त्याचा आशय होता. आंदोलन उशिरा न्यायालयात आले, हाही ठपका होता. न्या. भरुचा यांनी वेगळे मत नोंदवले: १९८७ ची पर्यावरण मंजुरी पुरेशा माहितीविना दिली गेली, म्हणून तज्ज्ञांची तपासणी होईपर्यंत काम थांबवावे.

बहुमताची अट अशी: ९० मीटरपर्यंत काम लगेच, त्यापुढे प्रत्येक टप्प्याला पुनर्वसनाची मंजुरी. ती नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाने द्यायची. तिथे एकमत झाले नाही तर आढावा समिती आणि शेवटी पंतप्रधान. याचा अर्थ, ज्या राज्यांनी पुनर्वसन करायचे, तीच राज्ये ते झाल्याचे सांगणाऱ्या यंत्रणेतही बसलेली होती.

धरणाविषयी न्यायालयाने काय करावे, या प्रश्नाला अमेरिकेत वेगळे वळण लागले होते. १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी टेनेसीतले जवळपास पूर्ण झालेले टेलिको धरण थांबवले. कारण होते स्नेल डार्टर नावाचा बोटभर मासा आणि त्याला संरक्षण देणारा कायदा. खर्च किती झाला हे पाहणे आमचे काम नाही, कायदा काय म्हणतो ते आम्ही सांगतो, असा सरन्यायाधीश बर्गर यांच्या निकालाचा रोख होता. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने त्या धरणाला कायद्यातून सूट दिली आणि चेरोकी आदिवासींच्या जुन्या गावांच्या जागा पाण्याखाली गेल्या. धरण तिथेही झालेच, पण ते करण्याची जबाबदारी लोकप्रतिनिधींना उघडपणे घ्यावी लागली. आपल्याकडे ती टप्प्याटप्प्याने निघालेल्या मंजुऱ्यांमध्ये विरून गेली.

मंजुऱ्या येत राहिल्या: २००२ मध्ये ९५ मीटर, २००३ मध्ये १००, २००४ मध्ये ११०.६४, २००६ मध्ये १२१.९२. दरम्यान मार्च २००५ मध्ये न्यायालयाने तात्पुरते आणि कायमचे बुडित असा भेद नाकारला, सज्ञान मुलांचा जमिनीचा हक्कही मान्य केला. पण हक्क मान्य होणे वेगळे आणि पावसाळ्याआधी जमिनीचा ताबा मिळणे वेगळे. २००६ मध्ये वाद पंतप्रधानांपर्यंत गेला, तरी काम चालूच राहिले. २०१४ मध्ये पूर्ण उंचीला परवानगी मिळाली, १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचे लोकार्पण झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते प्रथमच काठोकाठ भरले.

या काळात नंदुरबारच्या हाती काहीच लागले नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. खटल्यामुळे मिळालेल्या वर्षांत यादीबाहेरची कुटुंबे यादीत आली, तक्रार निवारण प्राधिकरण उभे राहिले, न्या. दाऊद समितीने २००१ मध्ये पुनर्वसनाचा आढावा घेतला. हे सगळे झाले, कारण माणसे मूळगावी ठाण मांडून बसली आणि प्रत्येक पावसाळ्यात त्यांनी निकालातल्या अटीची आठवण करून दिली. अट न्यायालयाने घातली. ती पाळली जाते की नाही, यावर पहारा बुडितग्रस्तांनाच द्यावा लागला.

अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करण्याचे बंधन १९९६ च्या पेसा कायद्याने घातले आहे. यापुढे कोणतेही न्यायालय पुनर्वसनाच्या अटीवर प्रकल्पाला परवानगी देईल, तेव्हा अट पूर्ण झाल्याचा दाखला त्या ग्रामसभेकडूनच मागितला जावा.